शाळा-कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी ऑनलाइन संदर्भ कसे निवडायचे आणि कसे लिहायचे?



प्रोजेक्टच्या शेवटच्या पानावर "संदर्भ : गूगल, विकिपीडिया, यूट्यूब" एवढी एकच ओळ मी अनेक वह्यांमध्ये पाहिली आहे. मजकूर चांगला असतो, चित्रं छान असतात, पण ही ओळ वाचून काहीच कळत नाही. गूगल माहिती लिहीत नाही, तो फक्त ती कुठे आहे ते दाखवतो. स्टँडवर कुणी वाचनालयाचा रस्ता सांगितला म्हणून तिथल्या पुस्तकाचा लेखक तो होत नाही ना? तसंच हे आहे.

संदर्भ देण्यामागचा हेतू साधा आहे. तुमचा प्रोजेक्ट वाचणाऱ्याला एखाद्या वाक्यावर शंका आली, तर त्याला तीच माहिती त्याच जागी जाऊन तपासता आली पाहिजे. अकरावी-बारावीत पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा या विषयाचा प्रकल्प असो की दहावीचा विज्ञान प्रकल्प, तोंडी परीक्षेत "हा आकडा कुठून आणला?" हा प्रश्न येऊ शकतोच. तेव्हा "नेटवर होता" हे उत्तर चालत नाही.

या लेखात आपण एकच विषय शेवटपर्यंत घेणार आहोत : बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर. प्रोजेक्टसाठी हा आवडता विषय आहे आणि त्याच्याबद्दल नेटवर खरी, अर्धवट आणि चुकीची अशी तिन्ही प्रकारची माहिती सापडते. म्हणून शिकायला उत्तम.

एकाच सरोवराची दोन वयं

लोणारचं विवर उल्का आदळून तयार झालं, हे सगळीकडे वाचायला मिळतं. पण कधी? काही ठिकाणी ५२ हजार वर्षं लिहिलेलं असतं, तर काही ठिकाणी ५ लाख ७० हजार वर्षं. फरक दहापटीहून जास्त. आता काय करायचं? दोन्हींची सरासरी काढायची का? की जो आकडा जास्त साइटवर दिसेल तो घ्यायचा?

दोन्ही नाही. आधी विचारायचं, की हे मोजलं कुणी आणि कसं.

५२ हजारांचा आकडा १९९७ सालच्या शोधनिबंधातून आला. त्यात तापदीप्ती नावाची पद्धत वापरली होती. खनिजांमध्ये काळानुसार थोडी थोडी ऊर्जा साठत जाते आणि खनिज तापवलं की ती प्रकाशाच्या रूपात बाहेर पडते. उल्का आदळताना प्रचंड उष्णता झाली, तेव्हा आधीचा साठा पुसला गेला. त्यानंतर किती ऊर्जा साठली त्यावरून वय काढलं.

५ लाख ७० हजारांचा आकडा २०११ साली 'जिऑलॉजी' या संशोधनपत्रिकेत आला. तिथे आरगॉन वायूवर आधारलेली पद्धत वापरली. खडकातल्या पोटॅशियमच्या एका प्रकाराचं सावकाश आरगॉनमध्ये रूपांतर होतं. आघाताने वितळलेल्या खडकात किती आरगॉन जमा झाला त्यावरून वय काढतात. या निबंधात आकड्यापुढे अधिक-उणे ४७ हजार वर्षं असंही दिलं आहे. म्हणजे मोजमापात तेवढी अनिश्चितता आहे, असं संशोधक स्वतःच सांगतात.

हे एवढं कळलं, की प्रोजेक्टमधलं वाक्य आपोआप बदलतं. "लोणार ५२ हजार वर्षं जुनं आहे" याऐवजी तुम्ही लिहाल : "१९९७ च्या अभ्यासात लोणारचं वय सुमारे ५२ हजार वर्षं आलं होतं, २०११ मध्ये वेगळ्या पद्धतीने मोजल्यावर ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं आलं." हे वाक्य लांब आहे, पण त्यावर कुणी प्रश्न विचारला तर तुमच्याकडे उत्तर आहे.

स्रोताचे तीन प्रकार ओळखा

१. मूळ स्रोत : ज्याने स्वतः मोजलं, पाहिलं, मुलाखत घेतली किंवा निर्णय दिला त्याचा मजकूर. उदा. शोधनिबंध, जनगणनेचे तक्ते, शासन निर्णय, न्यायालयाचा निकाल, तुम्ही स्वतः घेतलेली मुलाखत.

२. दुय्यम स्रोत : मूळ स्रोत वाचून कुणी समजावून सांगितलेलं. उदा. वर्तमानपत्रातला लेख, विज्ञान मासिक, अभ्यासकाचं पुस्तक.

३. संकलन : दोन्हींचा गोषवारा. उदा. विश्वकोश, विकिपीडिया, पाठ्यपुस्तक.

शाळेच्या प्रोजेक्टला तिन्ही चालतात. फक्त आकडा, तारीख आणि "पहिलं", "सर्वात मोठं", "एकमेव" असे दावे आले, की जमेल तितकं मुळाकडे सरकायचं.

"एकमेव" वरून आठवलं. लोणार हे "बेसाल्ट खडकातलं जगातलं एकमेव उल्काविवर" आहे, हे वाक्य तुम्हाला पुष्कळ ठिकाणी भेटेल. ब्राझीलच्या दक्षिण भागात वार्जेआओ आणि व्हिस्टा आलेग्रे ही बेसाल्टमधली आघातविवरं आहेत. ती लोणारपेक्षा बरीच मोठी आहेत, पण खूप झिजलेली आहेत. त्यामुळे "बेसाल्टमधलं उत्तम टिकून राहिलेलं विवर" असं म्हणणं बरोबर, "एकमेव" म्हणणं बरोबर नाही. दहा साइटवर तेच वाक्य दिसलं म्हणून ते खरं ठरत नाही. ते वाक्य अवतरण चिन्हांत टाकून गूगलवर शोधून पाहा. शब्दाला शब्द जुळत असेल, तर त्या दहा साइट म्हणजे एकाच मजकुराच्या दहा प्रती आहेत. संदर्भ म्हणून मोजताना तो एकच धरायचा.

साइट चांगली आहे की नाही, ते फोनवर कसं तपासायचं?

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी इतिहासाचे अभ्यासक, विद्यार्थी आणि तथ्यतपासणी करणारे पत्रकार यांना अनोळखी वेबसाइट तपासायला दिल्या होत्या. पत्रकारांनी सर्वात लवकर आणि अचूक निकाल दिला. कारण ते त्या साइटवर फार वेळ थांबलेच नाहीत. त्यांनी लगेच नवे टॅब उघडले आणि त्या साइटबद्दल बाकीचे काय म्हणतात ते पाहिलं. आपणही हेच करायचं.

- गूगलच्या निकालाशेजारी असलेल्या तीन टिंबांवर टॅप करा. त्या साइटबद्दल थोडी माहिती तिथेच मिळते.
- साइटचं नाव वेगळ्या टॅबमध्ये शोधा. ती कोण चालवतं? सरकारी खातं, विद्यापीठ, वर्तमानपत्र, की फक्त जाहिरातींसाठी लेख छापणारं कुणी?
- लेखाला लेखकाचं नाव आणि तारीख आहे का ते पाहा. दोन्ही नसेल तर दुसरा स्रोत शोधा.
- लेखात "शास्त्रज्ञांच्या मते" असं असेल, तर कोणते शास्त्रज्ञ, कोणती संस्था, कोणतं वर्ष हे दिलंय का? नसेल तर ते वाक्य तुमच्या कामाचं नाही.

पत्त्याचा शेवटही बघा. 'डॉट गव्ह डॉट इन' आणि 'डॉट निक डॉट इन' हे भारत सरकार व राज्य सरकारांच्या साइटसाठी राखलेले असतात. 'डॉट एसी डॉट इन' शिक्षणसंस्थांना मिळतो. 'डॉट कॉम', 'डॉट इन' आणि 'डॉट ओआरजी' मात्र पैसे भरून कुणीही घेऊ शकतं. 'डॉट ओआरजी' दिसलं की संस्था विश्वासू आहे, हा समज काढून टाका. आणि सरकारी साइट असली तरी पान कोणत्या वर्षाचं आहे हे बघायला विसरू नका.

बातमीची तारीख वाचा

जून २०२० मध्ये लोणारचं पाणी अचानक गुलाबी झालं. त्या दिवसांतल्या बातम्या उघडल्या तर शेवाळ, क्षारता, पाण्याची घटलेली पातळी अशी वेगवेगळी कारणं "असू शकतात" असं दिसेल. त्यात बातमीदाराची चूक नाही, कारण तपासणी तोवर झालीच नव्हती. नंतर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले आणि हॅलोआर्किया या खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे रंग आल्याचं सांगितलं.

आता कुणी फक्त पहिल्या आठवड्यातली बातमी वाचून "शेवाळामुळे पाणी गुलाबी झालं" असं लिहिलं आणि खाली नामांकित वर्तमानपत्राचा संदर्भ दिला, तर स्रोत चांगला असूनही माहिती चुकली. म्हणून एखाद्या घटनेवर लिहिताना पहिली बातमी आणि नंतरची बातमी, दोन्ही शोधा. गूगलमध्ये 'टूल्स' वर जाऊन कालावधी ठरवता येतो.

आकडा नेमका कशाचा आहे?

२०२० मध्ये लोणार सरोवर रामसर यादीत आलं. रामसर हा पाणथळ जागांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार आहे. या यादीत लोणारचं क्षेत्र ४२७ हेक्टर दिलंय. दुसरीकडे विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर असल्याचं वाचायला मिळतं. कॅल्क्युलेटर काढा : त्रिज्या ०.९ किलोमीटर, म्हणजे वर्तुळाचं क्षेत्रफळ सुमारे २.५ चौरस किलोमीटर, म्हणजेच साधारण २५० हेक्टर. मग ४२७ कुठून आले? तो आकडा संरक्षित म्हणून जाहीर केलेल्या संपूर्ण जागेचा आहे, फक्त विवराचा नाही. "सरोवर ४२७ हेक्टरवर पसरलं आहे" असं लिहिलंत तर संदर्भ खरा आणि वाक्य खोटं, अशी गंमत होईल.

विकिपीडिया वापरायचा की नाही?

वापरायचा, पण सुरुवातीला. विकिपीडियावरचा लेख कुणीही बदलू शकतं, त्यामुळे आज वाचलेलं वाक्य उद्या तिथे असेलच असं नाही. पण चांगल्या लेखाखाली संदर्भांची यादी असते. वाक्याच्या शेवटी असलेल्या छोट्या आकड्यावर टॅप केलं, की ते वाक्य कुठून घेतलं ते दिसतं. ती लिंक उघडा, वाचा आणि तुमच्या प्रोजेक्टमध्ये तिचा संदर्भ द्या. मात्र ती खरोखर वाचली असेल तरच! विकिपीडियाखालचे संदर्भ न वाचता उचलून आपल्या यादीत टाकणं ही सरळ फसवणूक आहे आणि तोंडी परीक्षेत ती दोन प्रश्नांत उघडी पडते.

मराठीतून वाचायचं असेल तर मराठी विश्वकोश ऑनलाइन आणि मोफत आहे. नोंदीच्या शेवटी लेखकाचं नाव असतं, हा त्याचा मोठा फायदा. पण त्याच्या अनेक नोंदी काही दशकांपूर्वीच्या आहेत. संकल्पना समजून घ्यायला त्या उत्तम, लोकसंख्या किंवा उत्पादनाच्या आकड्यांसाठी नाहीत. याशिवाय जिल्ह्यांच्या इतिहासासाठी गॅझेटिअर, पाठ्यपुस्तकांसाठी ई-बालभारती, पुस्तकांसाठी नॅशनल डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया, भारतीय विद्यापीठांतल्या पीएचडी प्रबंधांसाठी शोधगंगा आणि शोधनिबंधांसाठी गूगल स्कॉलर या जागा माहीत असू द्या.

शोधनिबंध बऱ्याचदा पैसे भरल्याशिवाय उघडत नाही. अशा वेळी वर दिलेला सारांश मोफत वाचता येतो. तेवढंच वाचलं असेल तर संदर्भात "फक्त सारांश वाचला" असं लिहा. त्यात कमीपणा काहीच नाही.

एआयने दिलेला संदर्भ

चॅटजीपीटी, जेमिनाय यांना विचारलं की छान मराठीत उत्तर मिळतं आणि मागितलं तर संदर्भांची यादीही मिळते. इथे सावध राहा. अशी साधनं अस्तित्वातच नसलेली पुस्तकं आणि निबंध खऱ्यासारखे लिहून देऊ शकतात. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात विमान कंपनीविरुद्धच्या एका खटल्यात वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले जुने निकाल दाखल केले. ते निकाल कधी झालेच नव्हते. न्यायाधीशांनी ५,००० डॉलरचा दंड केला.

वकिलांची ही गत, तर आपलं काय! म्हणून नियम सोपा ठेवा : एआयकडून शोधासाठी शब्द घ्या, अवघड परिच्छेद समजून घ्या, पण तिने दिलेला प्रत्येक संदर्भ स्वतः उघडून बघा. उघडला नाही, तर तो यादीत जाणार नाही. गूगलच्या निकालांवर सर्वात वर येणाऱ्या एआय उत्तरालाही हाच नियम लागू. आणि शाळेने परवानगी दिली असेल व तुम्ही एआय वापरलं असेल, तर कशासाठी वापरलं ते एका ओळीत सांगून टाका.

संदर्भ लिहायचा कसा?

एपीए, एमएलए, शिकागो अशा वेगवेगळ्या पद्धती आहेत. शाळेने एखादी सांगितली असेल तर तीच पाळा. सांगितली नसेल तर कोणतीही एक घ्या आणि शेवटपर्यंत तीच ठेवा. सगळ्यांत माहिती जवळपास हीच लागते : कुणी लिहिलं, कधी लिहिलं, शीर्षक काय, कुठे प्रसिद्ध झालं, लिंक काय आणि तुम्ही ते कोणत्या तारखेला पाहिलं.

मी सुचवतो तो साधा नमुना असा :

- वेबसाइटवरचा लेख : लेखकाचं नाव (वर्ष). "लेखाचं शीर्षक". वेबसाइटचं नाव. लिंक. पाहिल्याची तारीख.
- विश्वकोशातली नोंद : नोंदीखालचं लेखकाचं नाव. "बेसाल्ट". मराठी विश्वकोश. महाराष्ट्र राज्य मराठी विश्वकोश निर्मिती मंडळ. लिंक. पाहिल्याची तारीख.
- शोधनिबंध : लेखकांची नावं (२०११). निबंधाचं मूळ इंग्रजी शीर्षक. जिऑलॉजी, खंड ३९, अंक ७, पृष्ठे ६७१–६७४. डीओआय क्रमांक.
- व्हिडिओ : चॅनेलचं नाव (प्रसिद्धीची तारीख). "व्हिडिओचं शीर्षक". यूट्यूब. लिंक. कितव्या मिनिटाला.
- मुलाखत : व्यक्तीचं नाव, तिचं काम, ठिकाण, तारीख. "प्रत्यक्ष मुलाखत".

डीओआय म्हणजे शोधनिबंधाचा कायमचा क्रमांक. साइट बदलली तरी त्यावरून निबंध सापडतो, म्हणून तो असेल तर नक्की लिहा. लेखकाचं नाव नसेल तर संस्थेचं नाव टाका. तारीख नसेल तर "दिनांक नाही" असं लिहा, अंदाजाने वर्ष घालू नका.

शेवटी यादी दिली म्हणजे काम संपलं नाही. मजकुरातही ज्या वाक्यात दुसऱ्याची माहिती आहे, त्याच्या शेवटी कंसात आडनाव आणि वर्ष द्या. कोणतं वाक्य कुठून आलं हे त्याशिवाय कळत नाही. स्वतःच्या शब्दांत लिहिलं तरी संदर्भ द्यावा लागतो, आणि जसंच्या तसं घेतलं तर अवतरण चिन्हंही लागतात. दोन-चार शब्द इकडे-तिकडे करून परिच्छेद उतरवला तर ती कॉपीच. "पृथ्वी सूर्याभोवती फिरते" अशा सर्वांना माहीत असलेल्या गोष्टीला मात्र संदर्भ नको.

फोटोंनाही हेच लागू. "गूगल इमेजेस" हा फोटोचा स्रोत नाही. फोटोवर टॅप करून मूळ पानावर जा, छायाचित्रकाराचं नाव आणि वापराची परवानगी बघा. विकिमीडिया कॉमन्सवरच्या फोटोंखाली हे दोन्ही दिलेलं असतं. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो गूगल लेन्समध्ये टाकून तो मुळात कुठला आहे ते आधी शोधा.

फोनवरच्या कामाच्या चार सवयी

१. वाचतानाच नोंद करा. नोट्स अ‍ॅपमध्ये किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच मेसेज पाठवा : लिंक, शीर्षक, तारीख आणि त्यातून काय घेतलं. शेवटच्या रात्री हिस्ट्री चाळून काही सापडत नाही.

२. फक्त स्क्रीनशॉट काढू नका, त्यात बहुतेक वेळा पूर्ण लिंक दिसत नाही. ब्राउझरच्या 'शेअर' मधून लिंक कॉपी करा.

३. महत्त्वाचं पान पीडीएफ करून ठेवा. 'शेअर' मधल्या 'प्रिंट' वर गेलं की पीडीएफ म्हणून सेव्ह करता येतं.

४. पान उडालं असेल तर इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जुनी लिंक टाकून बघा. जतन केलेली प्रत सापडली तर तिची लिंक आणि जतन केल्याची तारीख द्या.

प्रोजेक्ट देण्याआधी

एक शेवटचं काम. प्रोजेक्ट भावाला, बहिणीला किंवा मित्राला द्या आणि सांगा, "यातला कोणताही एक आकडा निवड आणि माझ्या यादीवरून तो शोधून दाखव." त्याला तो पाच मिनिटांत सापडला तर तुमचे संदर्भ बरोबर आहेत. सापडला नाही तर तो आकडा मुळापासून पुन्हा तपासा, आणि तरीही स्रोत मिळत नसेल तर सरळ काढून टाका. एक आकडा कमी असलेला प्रोजेक्ट चालतो. पण कुठून आला हे सांगता न येणारा आकडा तुमच्या नावावर ठेवू नका.